शब्दाला शब्द

“शब्दाला शब्द सांगायचा, एकही जादा नाही,” देशिंगकरसाहेबांनी मला दारातच बजावलं. “तुला इंग्रजी येतं म्हणून बोलावलंय, मत द्यायला नव्हे.”

एवढं बोलून त्यांनी मीटिंगच्या खोलीचं दार उघडलं आणि चेहऱ्यावर मीटिंगचं हसू चढवलं. ते आमच्या कारखान्याचे मॅनेजर आणि मी टाइम ऑफिसातली क्लार्क. मी मान हलवली आणि त्यांच्यामागून आत गेले.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चेन्नईची दोन माणसं बसली होती. एक रामनाथनसाहेब, आमच्यासारख्या पाच कारखान्यांचे डायरेक्टर. दुसरी प्रिया, माणसांचा विभाग सांभाळणारी. विभाग माणसांचा होता, पण तिनं आमच्यातलं एकही माणूस कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं. टेबलाच्या अलीकडच्या टोकाला मगदूममामा बसले होते. आमच्या मोल्डिंग खात्याचे ते फोरमन. कामावरून तसेच उठून आलेले, खाकी शर्टावर साच्याची काळी माती, टोपी मांडीवर. त्यांना कशासाठी बोलावलंय हे कुणी सांगितलं नव्हतं.

“ये पोरी, बस,” ते मला म्हणाले. “काय काम काढलंय गं ह्यांनी? पाहुणं आलं न्हाईत व्हय अजून?”

मी काही बोलायच्या आत पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात दोन ओळी उमटल्या.

येऊ देत त्यांना.
मी बघून घेतो.

दुसऱ्या ओळीशेजारी एक लाल त्रिकोण होता. त्याखाली यंत्रानं केलेलं इंग्रजी होतं, ‘आय विल डील विथ देम.’ आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, एकच शब्द: धमकी.

खरं सांगते, मला हसू आलं. मी मामांकडं पाहिलं, मामांनी माझ्याकडं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं मराठी ओळखलं त्यांनी. “माझंच हाय की हे,” ते कौतुकानं म्हणाले. “शुक्रवारी टाकलं हुतं.”

आज त्या गोष्टीला काही वर्षं झाली. कारखाना मी केव्हाच सोडला, आता कागलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पण भाषांतराचा तास आला की ते हसू आठवतं आणि माझं डोकं फिरतं. कारण त्या खोलीत हसण्यासारखं काही नाही हे कळायला मला फार वेळ लागला नाही.

आमचा कारखाना ओतकामाचा, शिरोलीत. जुन्या मालकांनी तो चेन्नईच्या कंपनीला विकला. नव्यांनी आल्या आल्या भिंती रंगवल्या आणि पाठोपाठ आमच्या सगळ्यांच्या फोनवर ‘सेतू’ नावाचं ॲप टाकलं. आपण मराठीत लिहायचं, चेन्नईत ते इंग्रजीत वाचलं जायचं. ते तिकडून लिहिणार, आपल्याला मराठीत दिसणार. नियम एकच होता. जे सेतूवर नाही, ते झालंच नाही. पूर्वी शिफ्ट सुटताना पत्र्याखाली उभं राहून चार माणसं जे दहा मिनिटांत ठरवत, ते आता दिवसभर अंगठ्यानं टाइप होऊ लागलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सुदर्शन मला चहाचंही सेतूवर विचारायला लागला. मान वळवली असती तर दिसले असते मी त्याला.

या सेतूचं आणखी एक काम होतं. कुणी रागानं, भांडणाचं लिहिलं की तो लाल त्रिकोण काढायचा आणि ते वाक्य थेट प्रियाकडं धाडायचा. आता आमच्या भागात असलं यंत्र बसवायचं म्हणजे काय सांगावं! आमच्याकडं जिवाभावाच्या दोस्ताला हाक मारतानाही आधी शिवी येते, नाव मागाहून. पहिल्या आठवड्यात निम्म्या कारखान्याला त्रिकोण मिळाले. पोरांनी ते एकमेकांना दाखवून चेष्टा केली. मग दोघांच्या घरी नोटिसा गेल्या आणि चेष्टा बंद पडली.

मगदूममामांना मात्र तोवर कधी त्रिकोण मिळाला नव्हता. ते शिवी देत नसत. जैनाघरचा माणूस, आवाज खणखणीत, पण तोंड स्वच्छ. टाइप करायला त्यांना त्यांच्या नातवानं शिकवलं होतं. बोलताना जिथं श्वास घेत, तिथं लिहिताना ते पाठवायचं बटण दाबत. त्यामुळं त्यांचं एक वाक्य दोन-तीन तुकड्यांत यायचं आणि आम्ही ते जुळवून वाचायचो.

शुक्रवारी झालं होतं ते असं. चेन्नईची तपासणीची टीम सोमवारी कारखाना बघायला येणार होती. त्यातल्या कार्तिक नावाच्या पोरानं, मागच्या भेटीतले फोटो टाकून, सेतूवर सगळ्यांदेखत लिहिलं की तुमचं मोल्डिंग खातं म्हणजे म्हशींचा गोठा आहे. मामांनी ते वाचलं आणि काहीही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी त्यांनी वर दाखवलेल्या त्या दोन ओळी टाकल्या. यंत्रानं गोठा आणि ‘येऊ देत त्यांना’ यांची सांगड घातली आणि त्रिकोण काढला. टीमनं येणं रद्द केलं. सोमवारी सकाळी ही मीटिंग लागली, म्हणून देशिंगकर पुण्याला जायचे थांबले.

“मीटिंगची नोंद होतेय,” प्रियानं इंग्रजीत सांगितलं. “बोलणं खाली आपोआप लिहून येईल. शैलजा, तरी तू मदत कर. आधी त्यांना सांग, हे वाक्य धमकी म्हणून नोंदवलं गेलंय. त्यांना काय म्हणायचंय?”

मी मामांना सांगितलं. त्यांना पटायलाच वेळ लागला.

“धमकी? कुणाला?”

“पाहुण्यांना.”

“अगं, पाहुण्यांना कोण धमकी देतंय का? बघून घेतो म्हंजे त्यांचं समदं बघतो. उतरायचं, जेवायचं. हितं हाटेलात तेलकट मिळतंय, म्हणून घरात सांगून ठेवलंय मी. अख्खा मसूर करायला लावलाय. भात जास्ती टाक म्हटलंय, तिकडची माणसं भातावर असत्यात. आता सुद्दा मी तयारच हाय.”

पडद्यावर त्यांचं बोलणं भराभर इंग्रजी होऊन उमटत होतं. त्यांचं ‘हाय’ यंत्राला इंग्रजी वाटत होतं, त्यामुळं मध्येच कुठंही मामा चेन्नईला ‘हाय’ करत होते. अख्ख्या मसुराचं काय झालं ते तर विचारूच नका. मी सगळं नीट करून सांगितलं. सांगितलं की या शब्दाचे आमच्याकडं दोन अर्थ होतात. भांडणात म्हटलं तर धमकी, आणि एरवी म्हटलं तर ‘तुम्ही निवांत राहा, ती जबाबदारी माझी.’ दुसरा अर्थच आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो.

देशिंगकरांनी टेबलाखालून हातानं मला थांबण्याची खूण केली. मी ती पाहिली नाही असं दाखवलं.

रामनाथनसाहेब वाईट माणूस वाटले नाहीत मला. त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ विचारलं, “मग या वेळी कोणता अर्थ, हे आम्ही कसं ठरवायचं?”

“त्याआधी कुणी काय विचारलं होतं, त्यावरून,” मी म्हणाले.

“त्याआधी कार्तिकनं लिहिलेलं आहे. गोठा.”

मी मामांना विचारलं. ते लगेच म्हणाले, “त्या पोराच्या बोलण्याला कोण जबाब देतंय! सायबांनी इचारलं हुतं मला. शिफ्ट सुटताना, वजनकाट्यापाशी. म्हणालं, मामा, सोमवारी मी पुण्याला चाललोय, ही माणसं येणार, त्यांचं कसं करायचं? मी म्हटलं, सेतूवर टाकतो, म्हंजे नोंद ऱ्हाईल. नियम हाय न्हवं तसा. आणि टाकलं.” मग देशिंगकरांकडं वळून, अगदी मोकळेपणी, “तुमीच इचारलासा की सायेब.”

म्हणजे प्रश्न तोंडानं विचारला होता आणि उत्तर सेतूवर गेलं होतं. नियम पाळायचा म्हणून मामांनी अर्धं संभाषण यंत्रात टाकलं आणि अर्धं वजनकाट्यापाशी राहिलं. मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. एका वाक्याचं काम होतं आता. देशिंगकरांनी ‘हो, मीच विचारलं’ एवढं म्हणायचं, सगळ्यांनी थोडं हसायचं आणि मामांनी भट्टीवर परत जायचं.

रामनाथननीही तेच केलं. “मिस्टर देशिंगकर, तुम्ही तिथलेच आहात. भाषा तुमची आहे. तुम्ही विचारलं होतं का?”

“वन मिनिट, सर,” म्हणून देशिंगकरांनी माइक बंद केला.

माइक बंद झाला की ते मराठी होत. खुर्ची मामांकडं सरकवून, पडद्याकडं पाठ करून, ते हळू आवाजात म्हणाले, “मामा, जरा समजून घ्या. मी हो म्हणालो तर त्यांचा पुढचा प्रश्न, सेतूवर का नाही विचारलं? नियम मॅनेजरनंच मोडला असं होतं. माझी चेन्नईची बदली अगदी सहीवर आलीय. तुम्ही काय करा, दोन ओळींची माफी टाका. चुकून लिहिलं, पुन्हा होणार नाही. मी सांभाळून घेतो पुढचं.”

“म्हंजे तुमी इचारलं हुतं, हे आठवतंय तुमास्नी.”

“आठवतंय हो. न आठवायला काय झालं?”

“मग झालं की!” मामांचा चेहरा एकदम सैल झाला. “आठवतंय तर सांगा की सरळ. मी म्हटलं इसरला का काय.”

देशिंगकर खुर्ची फिरवून पडद्याकडं वळले. माइक सुरू केला. मीटिंगचं हसू परत आलं. आणि ते म्हणाले की असं काही संभाषण झाल्याचं त्यांना आठवत नाही, सेतूवर तशी नोंद नाही, आणि त्या शब्दाचा अर्थ म्हणाल तर, संदर्भ पाहता, तो धमकीसारखा घेता येऊ शकतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवतंय म्हटल्याला धड मिनिटही झालं नव्हतं. यंत्राला मराठी येत नव्हतं, ते मी समजू शकत होते. रामनाथनना येत नव्हतं, तेही. पण हा माणूस इथल्याच मंगळवार पेठेत जन्मला, तिथंच वाढला. याच्या घरी गॅस संपल्यापासून जागेच्या कागदापर्यंत सगळं कुणी ना कुणी ‘बघून घेत’ आलेलं. त्याला सगळं कळत होतं, आणि कळत असूनच तो यंत्राच्या मागं लपला. मी तेव्हापासून यंत्रांना दोष देत नाही.

“काय म्हणालं सायेब?” मामांनी मला विचारलं.

देशिंगकरांनी माझ्याकडं पाहिलं. नजरेत स्पष्ट होतं, काहीतरी गुळमुळीत सांग.

मला शब्दाला शब्द सांगायची आज्ञा होती. मी सांगितलं. “म्हणाले, असं काही विचारल्याचं आठवत नाही. आणि बघून घेतो म्हणजे धमकी असू शकते म्हणाले.”

मामांनी मांडीवरची टोपी उचलून टेबलावर ठेवली. तिकडं प्रिया कागद बघत सांगू लागली की कंपनी कठोर नाही, मगदूम जुने कामगार आहेत, त्यांनी सेतूवर सगळ्यांसमोर लेखी माफी मागितली तर विषय मिटवता येईल. नाहीतर आजपासून काम बंद. मी तेही सांगितलं.

“माफी कशाची मागू?” मामांनी मला विचारलं.

“धमकी दिल्याची.”

“पण ती दिलीच न्हाई की.”

“लिहून टाका मामा,” देशिंगकर माइक चालू असल्याचं भान ठेवून गोड आवाजात म्हणाले. “फॉर्मॅलिटी आहे.”

“फारमॅलिटी तुमाला असंल,” मामा म्हणाले. “माझं नाव हाय त्याच्याखाली. उद्या माझा नातू वाचंल त्याच फोनवर, आपला आज्जा पाहुण्यास्नी मारायला उठला हुता म्हणून. जेवायला घालायला निघालेल्या माणसानं मारायला निघालो हुतो असं लिवायचं? न्हाई जमायचं. काम गेलं तर जाऊ दे.”

मी भाषांतर केलं. जेवायला घालायला निघालेला माणूस, हे मी दोनदा सांगितलं. रामनाथननी भुवया उंचावल्या. मला वाटतं, त्या क्षणी ते डळमळले होते. त्यांनी पुन्हा एकदा देशिंगकरांकडं पाहिलं आणि देशिंगकर मूग गिळून समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिले.

तेव्हा मामा उभे राहिले. रागावून नाही. त्यांना खरंच कोडं पडलं होतं, असा त्यांचा आवाज होता. ते पडद्याशी नाही, देशिंगकरांशी बोलले.

“सायेब, एक सांगा. तुमी जर्मनीत हुतासा. साथीत इमानं बंद पडली हुती. तुमच्या आई दवाखान्यात गेल्या आणि तुमाला येता यीना. फोनवर रडत हुतासा तुमी. तवा मी काय म्हणालो हुतो?”

देशिंगकरांचा हात ग्लासावरच थांबला.

“म्हणालो हुतो, तुमी काळजी करू नका, आईंचं मी बघून घेतो. तवा कळलं हुतं न्हवं तुमाला? तवा न्हाई वाटलं, धमकी देतोय म्हणून?” मामांचा आवाज थोडा फाटला. “आणि घेतलं बघून. शेवटचं पाणी मी पाजलं. कुणी हात लावाय तयार न्हवतं, तवा माझ्या हातानं अग्नी दिला त्यास्नी. पोटच्या लेकासारखा.”

कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. पण मामांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. मी ते इंग्रजीत कसं सांगू याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात पडद्यावर नजर गेली.

यंत्र माझ्यासाठी थांबलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या इंग्रजीत लिहून टाकलं होतं: मी तुमच्या आईचा समाचार घेतला. मी तिला माझ्या हातांनी पेटवलं.

आणि शेजारी लाल त्रिकोण. एक नाही, दोन.

प्रियानं तोंडावर हात घेतला. रामनाथनांचा मघाचा सगळा मऊपणा गेला. “धिस मॅन इज थ्रेटनिंग अगेन,” ते म्हणाले. “आमच्यासमोर. त्यांना बाहेर जायला सांगा. आत्ता.”

“नाही, नाही, चुकीचं आलंय ते!” मी ओरडलेच. पण रामनाथननी दाराकडं केलेली बोटाची खूण मामांना भाषांतराशिवाय कळली. त्यांनी टोपी घेतली, पडद्याला हात जोडले आणि बाहेर पडले. जाताना त्यांनी खुर्ची आत सरकवून ठेवली.

मी उभं राहून सांगितलं. व्याकरण गेलं खड्ड्यात, जमेल तसं सांगितलं. की यांची आई वारली तेव्हा हे जर्मनीत होते. की त्या दिवसांत सख्खे नातेवाईक दारातून परत जात होते. की या माणसानं परक्याच्या आईला मुलासारखा अग्नी दिला आणि आज तो फक्त एवढंच विचारत होता की तेव्हा माझा शब्द तुम्हाला कळला होता, मग आज का कळत नाही? आणि मी म्हणाले, “सर, माझ्यावर विश्वास ठेवू नका. या पडद्यावरही ठेवू नका. ज्यांची आई होती ते इथं बसलेत. त्यांना विचारा.”

मग रामनाथननी विचारलं, “मिस्टर देशिंगकर, ही सांगते ते खरं आहे?”

हो म्हणायला काय पडत होतं? सेतूचा नियम नव्हता यात. बदली अडत नव्हती. स्वतःच्या आईबद्दल एक शब्द बोलायचा होता.

देशिंगकरांनी घसा साफ केला. चेहरा पांढरा पडला होता, नाही असं नाही. पण आवाज स्थिर होता. “सर, हा माझा वैयक्तिक विषय आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “तो मला कामाच्या मीटिंगमध्ये आणायचा नाही. कृपया आदर राखावा.”

“अर्थात,” रामनाथन लगेच म्हणाले. “सॉरी.”

त्यांनी माफी मागितली! कंपनीच्या डायरेक्टरनं माफी मागितली, आणि मागितली ती देशिंगकरांची. मग प्रियानं कारवाईच्या ओळी वाचून दाखवल्या, मगदूम यांचा प्रवेश या क्षणापासून बंद. शेवटी तिनं काळजीच्या, खरोखरच्या काळजीच्या सुरात विचारलं, “तिथं तुम्ही सगळे सेफ आहात ना?”

“येस,” देशिंगकर म्हणाले. “वी आर सेफ नाऊ.”

पडदा काळा झाला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. ते माझ्याकडं न बघता कागद गोळा करू लागले.

“तुमची आई ऐकत असती ना,” मी म्हणाले, “तर तिनं तुमच्या श्रीमुखात भडकावली असती.”

“शैलजा, तोंड सांभाळून.”

“का? नोंद बंद झाली की आता. आता तरी मराठीत बोला!”

ते कागदांची चवड सारखी करत राहिले. मी दार आपटून निघाले. जिन्यावर सुदर्शन भेटला, त्यानं काय झालं म्हणून तोंडानं विचारलं. मी तशीच पुढं गेले. मला मामांना गाठायचं होतं.

ते गेटवर उभे होते. वॉचमननं त्यांचं ओळखपत्र गळ्यातून काढून घेतलं होतं. मी धावत आले, तरी सेतूवरचा हुकूम माझ्याआधी गेटवर पोचला होता. वॉचमन बिचारा मान खाली घालून बसला होता, ज्या माणसाला तो वर्षानुवर्षं रामराम करत आला त्याचं कार्ड त्याच्या हातात होतं.

मला पाहून मामांच्या डोळ्यांत आशा आली. तीच मला सहन होईना.

“मी भाइर आल्यावर सायबांनी सांगितलं असंल न्हवं समदं?” त्यांनी विचारलं. “माझ्यासमोर त्यास्नी अवघड झालं असंल. आईचा इषय काढाय नको हुता मी.”

खोटं बोलावं असं वाटलं. नाही बोलले. “नाही सांगितलं मामा. तो माझा खासगी विषय आहे म्हणाले. चेन्नईवाल्यांनी विचारलं, तरी नाही.”

मामांनी मोल्डिंग खात्याच्या पत्र्याकडं पाहिलं.

“असंल त्यांची काय तरी अडचण,” ते म्हणाले.

ते ऐकलं आणि माझा तोल गेला. अडचण! त्या माणसाच्या चांगुलपणाचाच मला संताप आला. मी तिथंच, गेटवर, वॉचमनसमोर, ट्रकवाल्यांसमोर, हातातला फोन नाचवत ओरडायला लागले. देशिंगकरांना, चेन्नईला, त्या सेतूला, लहानपणापासून कानावर पडलेल्या आणि जन्मात कधी न उच्चारलेल्या शिव्या मी देत सुटले. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघू लागली.

मामांनी माझं मनगट धरलं. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून आयुष्य काढलेला तो माणूस इकडंतिकडं बघत माझ्या हातातल्या फोनवर पालथा पंजा ठेवून कुजबुजला,

“पोरी, हळू. लिवून घेईल ते.”